तिसऱ्या डोसच्या आधी

पुणे, १६ जानेवारी २०२२

ती. बाबा आणि ती. सौ. आईस,
साष्टांग नमस्कार.

फोनवर कोरोनाच्या लसीचा आणि औषधांचा विषय निघाला की बाबा "घे, आईशी बोल" म्हणून मोकळे होतात आणि आई म्हणते, "मला त्यातलं काय कळतंय, तुम्ही दोघं ठरवा." म्हणून लिहायला बसले. पत्र निदान मध्येच दुसऱ्याच्या कानाला लावता येत नाही.

आधी कामाचं. बाबा, तुमचा दुसरा डोस गेल्या वर्षी १६ एप्रिलला झाला. त्याला ३९ आठवडे झाले की तिसरा मिळतो, सरकार त्याला 'प्रिकॉशन डोस' म्हणतं. तुमचे ३९ आठवडे परवा संक्रांतीला पूर्ण झाले. साठीच्या पुढच्या बीपी-शुगरवाल्यांना १० तारखेपासून देतायत. डॉक्टरांचा सल्ला घ्या असं म्हटलंय, पण केंद्रावर चिठ्ठी-सर्टिफिकेट दाखवावं लागत नाही. सरकारी केंद्रावर पैसे पडत नाहीत. आधीचे दोन्ही कोविशील्डचे होते, तिसराही कोविशील्डचाच मिळेल. ओटल्यावरची मंडळी "भिया, मिक्स करके लो, पावर ज्यादा आता है" म्हणत असतील तर त्यांना सांगा, आपल्याकडे तसं देत नाहीत. आईला मात्र थांबावं लागणार. तिला कोरोना होऊन गेल्यामुळे दुसरा डोस ऑगस्टमध्ये मिळाला, म्हणजे तिसरा मे महिन्याच्या आधी नाही. तोवर बाबा, बाहेरून घरात काय येतं ते बरंचसं तुमच्यावर आहे. भाजी तुम्ही आणता, दूध तुम्ही आणता आणि बातम्याही तुम्हीच आणता.

आता ते पाकीट. दादाने फोटो पाठवला नसता तर मला कळलंही नसतं. चाळीस कॅप्सूल, मोल्नुपिराविर हे कोरोनावरचं नवं औषध, कपाटात विम्याच्या फायलीशेजारी ठेवलेल्या. "असू दे घरात, एप्रिलसारखी पळापळ नको," हे तुमचं म्हणणं मला समजतं. गेल्या एप्रिलनंतर घरात औषध साठवून ठेवावंसं वाटणाऱ्या माणसाला मी वेडं म्हणणार नाही. पण हे औषध तसं नाही. कंपनीने पहिल्यांदा जाहीर केलं तेव्हा म्हणे हॉस्पिटलात जाणं किंवा दगावणं निम्म्याने टळतं. पुढे पूर्ण आकडे आले तेव्हा ते तीस टक्क्यांवर उतरलं, आणि तेसुद्धा लस न घेतलेल्या माणसांत पाहिलेलं. हे औषध विषाणूच्या जनुकांत चुका घडवून त्याला निकामी करतं. तशा चुका आपल्या पेशींतही होतील का, ही भीती अजून पुरती गेलेली नाही. लक्षणं सुरू झाल्यापासून पाच दिवसांच्या आत सुरू करायचं, तेही आजार वाढण्याचा धोका असलेल्यांनी, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर. साध्या सर्दीला नाही, आणि "उद्या लागेल" म्हणून तर मुळीच नाही.

तुम्ही म्हणालात, सरकारनेच मंजुरी दिलीय. दिलीय, २८ डिसेंबरला, आणीबाणीच्या वापरासाठी, अटी घालून. आणि आठवड्याभरातच त्याच सरकारच्या वैद्यकीय संशोधन परिषदेचे, म्हणजे आयसीएमआरचे, प्रमुख डॉ. बलराम भार्गव यांनी पत्रकारांपुढे सांगितलं की सुरक्षिततेच्या शंका आहेत, म्हणून राष्ट्रीय उपचारपद्धतीत आम्ही ते घेतलेलं नाही. मग आता सरकारचं कुठलं वाक्य ऐकायचं? मी औषधांच्या काउंटरच्या आतल्या बाजूला उभी असते बाबा. या पंधरवड्यात आमच्याकडे चिठ्ठीशिवाय ते मागायला आलेली माणसं तुमच्याच वयाची, तुमच्यासारखीच शिकलेली आहेत. हात हलवत परत जाताना माझ्यावर चिडतात.

काढ्याबद्दल आईशी भांडायचं नाही असं ठरवलं होतं, पण राहवत नाही. आई, आलं, तुळस, मिरी यांना माझी ना नाही. घसा शेकतो, बरं वाटतं, प्या. मध्य प्रदेश सरकारने २०२० मध्ये घरोघर त्रिकटू चूर्ण (सुंठ, मिरी, पिंपळी) वाटलं तेव्हापासून तुझं ते पातेलं गॅसवर आहे. पण त्यात तू मूठभर ज्येष्ठमध टाकतेस आणि बाबा रोज दोन पेले पितात. ज्येष्ठमधाने अंगात मीठ-पाणी साठतं, पोटॅशियम उतरतं आणि बीपी चढतं. त्यात बाबांच्या बीपीच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध आहे, तेही पोटॅशियम कमीच करतं. नोव्हेंबरात बीपी वाढलं म्हणून डॉक्टरांनी गोळीचा डोस वाढवला. काढ्याचं त्यांना कुणी सांगितलंच नाही, कारण आपल्याकडे काढा हे औषध नसतंच, ते 'घरचं' असतं. घरचं आणि औषध यांत शरीर फरक करत नाही. आणि तू स्वतः पितेस त्या पेल्यात गूळ घालतेस, शुगर असताना. त्याबद्दल वेगळं लिहीत नाही.

तसंच ते व्हिटॅमिन डीचं पाकीट, साठ हजार युनिटवालं. डॉक्टरांनी आठवड्याला एक असं आठ आठवडे लिहिलं होतं. बाबा अजून दर रविवारी दुधातून घेतायत, कारण 'इम्युनिटी'. ते पाण्यात विरघळून लघवीतून निघून जाणारं जीवनसत्त्व नव्हे, चरबीत साठतं. जास्त झालं की रक्तातलं कॅल्शियम वाढतं, मलावरोध होतो, तहान लागते, पुढे मूत्रपिंडावर येतं. तुमचं पोट साफ होत नाही याचा दोष तुम्ही आईच्या पोळ्यांना देता. एकदा रक्तातलं कॅल्शियम तपासून घ्या आणि तोपर्यंत ते पाकीट बंद. झिंक, व्हिटॅमिन सी वगैरेंनी बिघडलं नाही तरी काही घडतही नाही, फक्त दुकानदाराचं बिल वाढतं. ॲझिथ्रोमायसिन मात्र सर्दी झाली की तीन दिवस, हे सोडा. ते जिवाणूंवरचं औषध आहे. कोरोनावर ब्रिटनमध्ये मोठ्या चाचणीत तपासून झालं, उपयोग शून्य. उद्या खरंच न्यूमोनिया झाला तर ते चालेनासं झालेलं असेल.

मी हे सगळं इतकं धरून का बसले त्याचं कारण गेला एप्रिल आहे. आईला ऑक्सिजनवर ठेवलं त्या आठवड्यात दादा इंदूरच्या विजयनगरहून निघून दवा बाजारच्या रांगेत पहाटेपासून उभा होता, रेमडेसिविरसाठी. मी इथे माझ्या हॉस्पिटलात रेमडेसिविरच्या कुप्या मोजून देत होते आणि आपल्याच आईसाठी एक मिळत नव्हती. मिळालं शेवटी. त्याच दिवसांत गुजरातेतल्या कारखान्यात मीठ आणि ग्लुकोज भरून केलेली नकली इंजेक्शनं इंदूर-जबलपुरात येऊन विकली गेली, हे नंतर पेपरात वाचून दादाचे हातपाय गार पडले होते. त्याने आईच्या कुपीचं लेबल मला व्हिडिओ कॉलवर चारचारदा दाखवलं.

पण माझा राग रेमडेसिविरवर नाही, प्लाझ्मावर आहे, बऱ्या झालेल्या माणसाच्या रक्तातून काढून रुग्णाला देतात त्या. आठवतंय ना, "बी पॉझिटिव्ह प्लाझ्मा हवा" म्हणून कॉलनीच्या प्रत्येक ग्रुपवर मेसेज गेले. राऊहून एक मुलगा बाईकवर आला, अनोळखी, चहासुद्धा न घेता रक्तपेढीत तास-दीड तास बसून गेला. बाबांनी त्याच्या पाया पडायचंच बाकी ठेवलं होतं. त्या मुलाचं मन सोन्याचं, त्याच्याबद्दल काही नाही. पण आयसीएमआरनेच आपल्या देशातल्या ३९ रुग्णालयांत ४६४ रुग्णांवर प्लाझ्माची चाचणी केली होती. तिचा निकाल ऑक्टोबर २०२० मध्येच छापून आला होता: आजार वाढणं थांबत नाही, मृत्यू टळत नाहीत. आपण एप्रिल २०२१ मध्ये पळत होतो. प्लाझ्मा उपचारपद्धतीतून काढला १७ मे २०२१ ला. मधल्या सात महिन्यांत किती घरांतली मुलं अशी पळाली असतील? उत्तर आपल्याच लोकांनी काढलेलं होतं, आपल्याच पैशांतून, आणि ते कपाटात पडून राहिलं.

आईला ज्याने तारलं त्याचं नाव घरात कुणी घेत नाही. ऑक्सिजन, आणि डेक्सामेथासोन नावाचं जुनं स्वस्त स्टेरॉइड. जून २०२० मध्ये ब्रिटनमधल्या रिकव्हरी चाचणीने दाखवलं की व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांतले मृत्यू त्याने एक तृतीयांशाने कमी होतात, ऑक्सिजनवरच्यांत एक पंचमांशाने. आणि ऑक्सिजन लागलाच नाही अशांना? काही फायदा नाही. यातलं शेवटचं वाक्य आपल्याकडे कुणी वाचलं नाही. ताप आला की दुसऱ्या दिवशी घरच्या घरी स्टेरॉइड सुरू करणारे तुमच्याच गल्लीत होते. मग शुगर चढली, आणि मे-जूनमध्ये एमवाय हॉस्पिटलचे वॉर्ड काळ्या बुरशीच्या रुग्णांनी भरले. आईला ते गरजेपुरतं, मोजून मिळालं, तरी तिची शुगर चारशेच्या वर गेलीच. बाबांनी तेव्हा कालनिर्णयच्या प्रत्येक चौकोनात तारखेखाली सकाळ-दुपार-रात्रीचे तीन आकडे निळ्या शाईत लिहिले होते, तीनशेच्या वरचे लाल शाईत. ते पान मी बघितलंय. तेव्हा तुम्ही कुणाच्या फॉरवर्डवर चालला नव्हतात बाबा, आकड्यांवर चालला होतात, आणि आई घरी आली. बिजली बोर्डात पस्तीस वर्षं मीटर वाचणारा माणूस. आता त्याच माणसाला रोज सकाळी आठ वाजता बगीच्यातला कोणीतरी "ओमिक्रॉन म्हणजे नैसर्गिक लस आहे, होऊन जाऊ द्या" असं सांगतो आणि तो घरी येऊन आईला सांगतो.

ओमिक्रॉन पुष्कळांना सौम्य जातो, खरं आहे. लस घेतलेल्यांना बहुतेकदा सौम्य जातो, हे जास्त खरं. सत्तरीच्या, बीपीच्या माणसाने मुद्दाम ओढवून घ्यावा इतका सौम्य नाही. इंदूरचा रोजचा आकडा हजाराच्या पलीकडे गेलाय.

आता राजकारण. "तू पुण्याला गेल्यापासून आपल्या सरकारला नावं ठेवायला शिकलीस," असं तुम्ही दिवाळीत म्हणालात. मी सगळ्यांनाच ठेवते, ते तुम्हाला अर्धंच ऐकू येतं. मार्च २०२० मध्ये विषाणू देशात पसरायला लागला तेव्हा मध्य प्रदेशचे आरोग्यमंत्री कुठे होते? बंगळुरूच्या रिसॉर्टमध्ये. तुळशी सिलावट, आपल्या सांवेरचेच. कमलनाथांचं सरकार २० मार्चला पडलं, २३ ला शिवराजसिंहांनी शपथ घेतली आणि २१ एप्रिलपर्यंत एकटेच मंत्रिमंडळ होते. इंदूर पेटलेलं असताना राज्याला आरोग्यमंत्री नव्हता. हे पाप कुणाचं म्हणाल? दोन्हीकडच्यांनी वाटून घ्यावं. २२ मार्चला संध्याकाळी राजवाड्यावर थाळ्या वाजवत मिरवणूक निघाली, जनता कर्फ्यूच्या दिवशी! नंतर १ एप्रिलला टाटपट्टी बाखलमध्ये तपासणीला गेलेल्या पथकावर दगड पडले. तुम्ही दुसरी गोष्ट प्रत्येक पाहुण्याला सांगता, पहिली सांगत नाही. दगड मारणं कितीतरी वाईट, त्यात वाद नाही. पण विषाणूला दोन्ही गर्द्या सारख्याच. आणि त्या पथकातल्या दोघी डॉक्टर लगेच पुन्हा त्याच वस्तीत कामावर गेल्या, हे तर सांगायचं राहूनच जातं. एप्रिल २०२१ मध्ये आपल्या एक मंत्रीबाई विमानतळावर अहिल्यादेवींच्या पुतळ्यापुढे मास्क न लावता टाळ्या वाजवत पूजा करत होत्या, आई ऑक्सिजनवर जायच्या थोडेच दिवस आधी. अहिल्यादेवींना काय वाटलं असेल?

ग्वाल्हेरच्या मामांचं आठवून मला अजून हसू येतं. फेब्रुवारी २०२० मध्ये "केंद्र झोपलंय, विमानं बंद करा" म्हणून रोज फोन. ११ मार्चला महाराज, म्हणजे ज्योतिरादित्य शिंदे, भाजपमध्ये गेले, आणि मामांना तेच केंद्र एका रात्रीत दूरदर्शी दिसायला लागलं. मामांचं प्रेम महाराजांवर आहे, ते असू दे, पण मास्कबद्दलचं मतही महाराजांबरोबरच पक्ष बदलतं हे जरा जास्त झालं. इकडे माझा मावसभाऊ उलट टोकाचा. सर्टिफिकेटवर मोदींचा फोटो आहे म्हणून त्याने सप्टेंबरपर्यंत लस घेतली नाही. फोटो मलाही खटकतो. पण लस फोटोतून टोचत नाहीत.

मला स्वतःला काय वाटतं ते सरळ सांगते. जानेवारी २०२१ मध्ये कोव्हॅक्सिनला तिसऱ्या टप्प्याचे आकडे हातात नसताना परवानगी दिली, ते चूक होतं आणि तेव्हा प्रश्न विचारणारे बरोबर होते. त्याच वेळी अखिलेश यादव "भाजपची लस घेणार नाही" म्हणाले, तो प्रश्न नव्हता, ती फुशारकी होती. मार्चमध्ये आकडे आले, नोव्हेंबरमध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही मान्यता दिली. त्यानंतरही जे जुनाच प्रश्न विचारत राहिले त्यांचं ऐकायचं कारण नाही. हायड्रॉक्सीक्लोरोक्वीन या मलेरियाच्या औषधाचं तेच. मार्च २०२० मध्ये देऊन बघणं समजू शकतं, जूनमध्ये चाचणीत उपयोग नाही म्हटल्यावर सोडून द्यायला हवं होतं. आपल्या उपचारपद्धतीतून ते निघालं सप्टेंबर २०२१ मध्ये. आणि चांगलं झालं तेही बोलते. २१ जून २०२१ ला मध्य प्रदेशाने एका दिवसात सोळा लाखांवर लसी टोचल्या, त्यातल्या दोन लाखांवर एकट्या इंदुरात. आदल्या दिवशी राज्यात हजारसुद्धा टोचल्या नव्हत्या, विक्रमासाठी राखून ठेवल्यासारख्या, हे मला आवडलं नाही. पण ऑगस्टअखेर इंदुरात सगळ्या पात्र माणसांचा पहिला डोस झाला. कचरा उचलणाऱ्या गाड्यांवरून लसीची गाणी वाजवणाऱ्या, घरोघर याद्या घेऊन फिरणाऱ्या त्या बायका-पुरुषांचं कौतुक मी इथे सगळ्यांना सांगते. पुण्यात दुसऱ्या पक्षाचं सरकार होतं, रेमडेसिविरची रांग तीच होती. त्यामुळे माझ्यापुढे कुणी कुठल्या पक्षाचा झेंडा घेऊन औषध विकायला आला की मी आधी झेंडा बाजूला ठेवायला सांगते.

आई, हळदीकुंकू. रथसप्तमीपर्यंत वेळ आहे, तू करणारच, मला माहीत आहे. पुढच्या खोलीत खिडक्या लावून पंचवीस बायका नकोत. गच्चीवर कर, दुपारी उन्हात, चार-चार जणींना बोलाव. वाण हातात दे, तिळगूळ कागदात बांधून दे, खायचं त्यांनी घरी. उखाणे मास्क लावूनही घेता येतात. मास्क कापडी नको, आणि पुढे प्लास्टिकची गोल झडप असलेलाही नको. त्या झडपेतून आपला श्वास न गाळताच बाहेर जातो. बाबांचा हनुवटीवरचा मास्क तर नसल्यातच जमा. थंडीत पोहे खाताना निघाला तर निघाला, पण मेडिकलच्या दुकानात, बँकेत आणि त्या बंद लिफ्टमध्ये तो नाकावर हवा.

ताप आलाच तर घाबरू नका आणि कपाटही उघडू नका. टेस्ट, पॅरासिटामॉल, पाणी, आणि ऑक्सिमीटर. मोजताना हात गरम करून, मांडीवर स्थिर ठेवून, आकडा थांबेपर्यंत बघा. आई, तेव्हा बोटाला मेंदी नको. ९४ च्या खाली गेला किंवा धाप लागली की लगेच दादाला फोन, मग मला. आधी मला नाही, मी जवळजवळ सहाशे किलोमीटरवरून काय करणार?

मोल्नुपिराविरचं पाकीट दुकानदाराला परत देता येतं का विचारा. पावती असेल आणि सील तोडलं नसेल तर घेईल. नाही घेतलं तर वायफळ खर्च झाला म्हणून मनाला लावून घेऊ नका, आणि कृपा करून शेजारच्या काकांना देऊन उपकारही करू नका. काढ्यातलं ज्येष्ठमध आजपासून बंद. दोन आठवडे रोज सकाळी बीपी मोजून लिहून ठेवा, वरचा-खालचा दोन्ही. नवीन कालनिर्णय रिकामं आहे. महिनाअखेरीस त्या पानाचा फोटो मला आणि डॉक्टरांना, दोघांनाही पाठवा.

तिसरा डोस या आठवड्यात. दादा बुधवारी सकाळी स्कूटर घेऊन येतोय, त्याला मी सांगितलंय. नाश्ता करून निघा, उपाशीपोटी जाऊ नका. आधार कार्ड आणि तोच मोबाइल नंबर बरोबर असू द्या. रात्री अंग दुखेल, तेव्हा मला फोन करून हवं तितकं ओरडा.

तुमची,
मनीषा